बाल्टिक देशांनी ग्रिड बदलले, त्याची गोष्ट

8 फेब्रुवारी 2025 च्या सकाळी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांनी रशिया व बेलारूसकडे जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लिथुआनियातून पोलंडमार्गे ते युरोपच्या ग्रिडला, म्हणजे सामायिक वीजजाळ्याला, जोडले गेले. मधला सव्वा दिवस हे तिन्ही देश विजेच्या दृष्टीने बेटासारखे एकटे होते. कुठेही दिवे गेले नाहीत, म्हणून या घटनेची चर्चाही फारशी झाली नाही.

हे देश नाटोत आणि युरोपीय संघात आले 2004 साली. त्यानंतरही तब्बल दोन दशके त्यांच्या विजेची वारंवारिता सांभाळली जात होती मॉस्कोतून. रशियन वीज विकत घेणे त्यांनी मे 2022 मध्ये थांबवले होते, पण तेवढ्याने भागत नाही. एका ग्रिडमधली सगळी जनित्रे एकाच लयीत, सेकंदाला 50 आवर्तनांच्या हिशेबाने चालतात. मागणी वाढली की लय मंदावते, पुरवठा वाढला की चढते. ती सावरायला राखीव क्षमता लागते आणि ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती ग्रिडचा लगाम. बिल शून्यावर आले, तरी लगाम रशियाकडेच होता.

तयारी नसताना रशियाने या देशांना तोडून टाकले असते, तर? छोट्या ग्रिडमध्ये 500 मेगावॉट आणणारी एक केबल अचानक बंद पडली, तरी वारंवारिता काही सेकंदांत कोसळू शकते. 49 हर्ट्झच्या खाली गेली की आपोआप भारनियमन सुरू होते; 47.5 च्या खाली यंत्रे वाचवण्यासाठी वीजकेंद्रे स्वतःच बाहेर पडतात. मग सगळाच अंधार.

कोसळण्याचा हा वेग जडत्वावर ठरतो. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्राचा शेकडो टनांचा फिरता रोटर एकदम मंदावत नाही. मंदावताना तो आपली ऊर्जा ग्रिडला देतो. सौर पॅनेल आणि समुद्राखालच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) केबल मेगावॉट देतात, हे जडत्व देत नाहीत. म्हणून प्रत्येक देशात तीन, असे एकूण नऊ सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले. हे यंत्र म्हणजे टर्बाइन नसलेले जनित्र. ग्रिडमधलीच थोडी वीज घेऊन ते अखंड फिरत राहते आणि वारंवारिता घसरू लागताच आपली ऊर्जा परत करते. ही मदत काही सेकंदांचीच असते. तेवढ्यात लिथुआनियाच्या 200 मेगावॉटच्या बॅटऱ्या कामाला लागतात आणि मागून क्रुओनिसचे 900 मेगावॉटचे उदंचन (पाणी वर चढवून साठवणारे) जलविद्युत केंद्र भार उचलते.

खरा नाजूक क्षण जोडणीचा. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज, वारंवारिता आणि फेजचा कोन (म्हणजे दोन्हीकडच्या लहरींचे पाऊल) जुळल्याशिवाय ब्रेकर, म्हणजे जोडणीचा मोठा स्विच, लावायचा नसतो. कोनात मोठी तफावत राहिली, तर प्रचंड प्रवाह उसळतो आणि जनित्रांच्या शाफ्टला हिसका बसतो. ही जुळणी टाळायची असेल तर मध्ये एसीचे (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचे) डीसी आणि पुन्हा एसी करणारे स्थानक घालतात. लिथुआनियातल्या आलीतूसला 2015 पासून असेच 500 मेगावॉटचे स्थानक होते. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातले भद्रावतीचे स्थानक पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमध्ये हेच काम करायचे. ती दोन ग्रिड थेट एका लयीत आली 31 डिसेंबर 2013 रोजी, रायचूर-सोलापूर वाहिनीने. तंत्र तेच; फक्त बाल्टिकमध्ये पलीकडच्या नियंत्रण कक्षावर भरवसा नव्हता.

युक्रेनची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. नियोजित चाचणीसाठी त्याने 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियन ग्रिडपासून फारकत घेतली आणि काही तासांतच आक्रमण सुरू झाले. चाचणी तीन दिवसांची होती. परतीचा प्रश्नच उरला नाही, आणि एरवी पुढच्या वर्षी व्हायची ती युरोपशी जोडणी 16 मार्चला उरकण्यात आली.

बाल्टिक देशांनी घाई केली नाही, त्याला पैसा हे एक कारण. एकूण खर्च 1.6 अब्ज युरो, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश युरोपीय संघाचा. दुसरे कारण कमी बोलले जाते. रशियाचा कालिनिनग्राद प्रांतही याच जाळ्यावर होता, त्यामुळे रशियाने बाल्टिकला तोडणे म्हणजे स्वतःच्याच प्रांताला तोडणे होते. रशियाने तिथे नवी वीजकेंद्रे उभारली आणि ही अडचण संपली. माझ्या मते बाल्टिकची खरी घाई तिथूनच सुरू झाली.

आता रशियाचा लगाम सुटला, पण दुखरी जागा बदलली. पोलंडकडे जाणारी एसी वाहिनी एकाच मार्गाने जाते, आणि तो मार्ग आहे कालिनिनग्राद व बेलारूस यांच्यामधल्या सुवाल्कीच्या चिंचोळ्या पट्ट्यातला. नाटोचे सेनाधिकारी वर्षानुवर्षे याच पट्ट्याची काळजी वाहत आले आहेत.

समुद्रातही तीच गत. फिनलंड-एस्टोनियामधली 650 मेगावॉटची एस्टलिंक-2 केबल 25 डिसेंबर 2024 रोजी तुटली. कुक बेटांच्या झेंड्याखालच्या ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाने नांगर फरफटत नेल्याचा आरोप झाला. तुटलेले टोक शोधून वर काढायचे, खराब भाग कापायचा, नवा तुकडा सांधायचा. त्यासाठी खास जहाज हवे आणि समुद्रही शांत हवा. केबल पुन्हा सुरू व्हायला जून 2025 उजाडला. ऑक्टोबरमध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने खटला आपल्या अधिकारकक्षेत बसत नाही म्हणून निकाली काढला, कारण घटना फिनलंडच्या प्रादेशिक समुद्राबाहेरची होती. नाटोने जानेवारी 2025 पासून ‘बाल्टिक सेंट्री’ ही गस्त सुरू केली आहे. पण गस्तीने जहाज लवकर अडवता येते, कायद्यातली फट बुजत नाही.

लिथुआनिया आणि पोलंडने दुसऱ्या जोडणीसाठी आखलेली समुद्राखालची केबल मात्र रद्द केली. ती आता जमिनीवरून, म्हणजे पुन्हा त्याच सुवाल्कीतून जाईल. तिथला मनोरा पाडला गेला, तर तो महिन्यांत नाही, दिवसांत उभा करता येतो.