उपवासाची भगर खाताना विषबाधा टाळा

आमच्याकडे भगर (वरीचे तांदूळ) मिळते. भगरीचं पीठ आम्ही विकायला ठेवत नाही. नवरात्रात रोज मागणी असते, तरीही नाही.

भगर हवेतला ओलावा पटकन धरते. दाणा अख्खा असेपर्यंत ती बऱ्यापैकी टिकते. दळली की ओल सगळीकडे पोचते आणि अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते. ऑक्टोबरची दमट हवा तिला मानवते. ही बुरशी फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार करते. भाकरी खरपूस भाजली तर बुरशी मरेल, पण अशी विषद्रव्यं आचेला सहज दाद देत नाहीत. म्हणून जुन्या पिठातल्या गुठळ्या चाळून काढणं किंवा त्याला ऊन दाखवणं, याचा उपयोग नाही. कुबट वास, गुठळ्या, जाळी, कडवट चव यांपैकी एकही जाणवलं तर पीठ टाकून द्या.

पीठ घरीच करा. भगर निवडून, धुऊन सुती कापडावर पातळ पसरा आणि तळहाताला एकही दाणा चिकटणार नाही इतकी खडखडीत वाळवा. ओलसर दळलेलं पीठ तर आणखी लवकर खराब होतं. मग त्या दिवसाला लागेल तेवढीच, वाटी-दोन वाटी, मिक्सरमधून काढा. गिरणीत नको, तिथे आधीच्या दळणाचं पीठ उरलेलं असतं.

सुटी भगर घेऊ नका. बंद पाकिटावर तारीख आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक पाहा. नऊ दिवसांसाठी मोठी पिशवी फोडण्यापेक्षा अर्ध्या किलोची पाकिटं बरी. आमटीचे शेंगदाणेही निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे काढून टाका.

सप्ताह, मंडळांसाठी: फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना त्रास झाला. मोठ्या पातेल्यातलं अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहतं आणि तेवढ्यात जंतू वाढतात. त्यामुळे पंगतीच्या वेळेलाच शिजवा, वाफाळतं वाढा, दोन तासांच्या आत संपवा. सकाळची आमटी रात्री वाढू नका.

खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं सुरू झालं तर लगेच दवाखाना गाठा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा. उरलेलं अन्न आणि पाकीट फेकू नका, वेगळं बांधून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाला तपासणीसाठी नमुना लागतो.