एक्स ११ : मोकळ्या ठेवलेल्या क्रमांकांची करामत

लिनक्स संगणकावर ब्राउझर, टर्मिनल आणि छायाचित्रे दाखवणारा प्रोग्राम एकाच वेळी उघडे असले, तरी त्यांपैकी कोणालाही पडद्यावर परस्पर काही रंगवता येत नाही. पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा डिस्प्ले सर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे असतो. इतर प्रोग्राम त्याच्याकडे विनंत्या पाठवतात आणि कोणती कळ दाबली गेली, माउस कुठे सरकला, याची खबर तो त्यांना देतो. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स ज्या कुळातला आहे त्या प्रणालींच्या, जगात हे काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिमने केले. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८४ साली बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिची उभारणी सुरू केली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. बारावी आलीच नाही, आणि तिची फारशी गरजही भासली नाही, याचे श्रेय माझ्या मते एका साध्या निर्णयाला जाते.

एक्सच्या प्रत्येक विनंतीचा पहिला बाइट म्हणजे त्या विनंतीचा क्रमांक. रचनाकारांनी १२८ च्या खालचे क्रमांक मूळ विनंत्यांसाठी राखले आणि १२८ ते २५५ हे पुढे येणाऱ्या विस्तारांसाठी, म्हणजे नंतर जोडायच्या नव्या विनंत्यांच्या संचांसाठी, मोकळे सोडले. कोणत्या विस्ताराला कोणता क्रमांक, हेही त्यांनी कायमचे ठरवले नाही. प्रोग्राम सर्व्हरला नाव घेऊन विचारतो की, उदाहरणार्थ, ‘रेंडर’ हा विस्तार आहे का. असेल, तर सर्व्हर त्याचा या यंत्रावरचा क्रमांक कळवतो आणि नसेल, तर प्रोग्रामला जुन्या मार्गाने काम भागवावे लागते. आजच्या सर्व्हरमध्ये असे वीसहून अधिक विस्तार असतात.

काही विस्तार केवळ जुनी मर्यादा ओलांडण्यासाठी आले. मूळ नियमांनुसार विनंतीची लांबी चार-चार बाइटांच्या गटांत मोजली जाते आणि ती संख्या १६ बिटांत मावावी लागते, म्हणजे एका विनंतीत जास्तीत जास्त २,६२,१४० बाइट जातात. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरल्यास, सुमारे ८३ लाख बाइटांचे होते. ते पाठवायला ३२ विनंत्या लागल्या असत्या. ‘बिग रिक्वेस्ट्स’ या विस्ताराने लांबीची ही अट सैल केली. सामायिक स्मृतीचा विस्तार आणखी पुढे गेला : प्रोग्राम आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असतील, तर चित्र पाठवायचेच नाही, दोघांनाही दिसणाऱ्या स्मृतीत ते ठेवायचे आणि फक्त जागा सांगायची. ‘शेप’ने चौकोनी खिडक्यांना हवा तो आकार दिला, त्यामुळे पडद्यावर गोल घड्याळे आली. ‘रँडआर’मुळे चालू सत्रातच पडद्याचा आकार बदलता येऊ लागला आणि पुढे दुसरा मॉनिटर जोडणेही सुकर झाले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा विस्तार मात्र ‘रेंडर’. मूळ पद्धतीत फॉन्ट सर्व्हरकडे असत. प्रोग्राम अक्षरांचे संकेतांक पाठवी आणि सर्व्हर प्रत्येक संकेतांकाचे ठरलेले चित्र एकापुढे एक मांडत जाई. रोमन लिपीचे त्यावर भागते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना क आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते, पण काढायची असते ती क च्या आधी. क, हलन्त आणि ष मिळून ‘क्ष’ हे वेगळेच रूप होते. असली जुळणी संकेतांक ओळीने मांडणाऱ्या सर्व्हरच्या आवाक्यातली नव्हती. कीथ पॅकार्ड यांनी २००० च्या सुमारास घडवलेल्या ‘रेंडर’मध्ये अक्षररूपे प्रोग्राम स्वतः तयार करून सर्व्हरकडे सुपूर्द करतो आणि कोणते रूप नेमके कुठे बसवायचे, ते सांगतो, सर्व्हर त्यांच्या कडा पार्श्वभूमीत मिसळून गुळगुळीत करतो. त्यामुळे लिपीचे व्याकरण सर्व्हरने जाणण्याची गरजच उरली नाही.

मात्र या सोयीची दुसरी बाजूही आहे. विस्तार वाढत गेले, तसा मूळ गाभा अडगळीत पडला : सरळ रेषा, वर्तुळकंस आणि जुने फॉन्ट यांच्या विनंत्या आजचे प्रोग्राम क्वचितच वापरतात, तरी सर्व्हरला त्या सांभाळाव्याच लागतात. एका प्रोग्रामला दुसऱ्यात टंकलेल्या कळा ऐकता येतात, हा दोषही मूळ रचनेतलाच. ‘कॉम्पोझिट’ विस्तारानंतर प्रत्येक खिडकी आधी स्मृतीत रंगते आणि त्या सर्व एकत्र करून अंतिम दृश्य जुळवण्याचे काम कॉम्पोझिटर हा स्वतंत्र प्रोग्राम करतो. मग सर्व्हर मध्ये हवाच कशाला, असा प्रश्न उभा राहतो.

क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँड या एक्सच्या जागी येऊ पाहणाऱ्या व्यवस्थेमध्ये कॉम्पोझिटर हाच सर्व्हर आहे. त्याचा गाभा इतका आटोपशीर आहे की मोठी-लहान करता येणारी साधी खिडकीसुद्धा ‘एक्सडीजी-शेल’ या जोड नियमावलीतून मिळते. जुन्या एक्स प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड हा दुवा ठेवलेला आहे. परंतु कोणती जोड स्वीकारायची, हे येथे प्रत्येक कॉम्पोझिटर आपापले ठरवतो. पडद्याच्या कडेला पट्टी चिकटवून ठेवणारी ‘लेयर-शेल’ ही जोड केडीई आणि स्वे या डेस्कटॉपांच्या कॉम्पोझिटरांनी स्वीकारली, ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने स्वीकारली नाही. त्यामुळे तिच्यावर विसंबलेली पट्टी पहिल्या दोन ठिकाणी नीट बसते, तर ग्नोमवर त्याच प्रोग्रामला वेगळी वाट शोधावी लागते.