सिलिंडरची भिंत किती कापता येते?

जुन्या इंजिनाची ताकद वाढवायची म्हटले की पहिला विचार बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोठा करण्याचा येतो. सिलिंडर आतून कापायचा, ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, की इंजिनाची क्षमता, म्हणजे सिलिंडरांचे एकूण घनफळ, वाढते. झिजलेल्या इंजिनासाठी हे काम वर्कशॉपमध्ये नेहमीच होते. मात्र कापण्याआधी भिंत मुळात किती जाड आहे हे मोजण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, आणि मला ही चूक फार मोठी वाटते, कारण ती भिंत दोन्ही बाजूंनी पाहता येत नाही. तिची आतली बाजू गुळगुळीत बोअर असते, तर बाहेरची बाजू पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवती थंड करणारे पाणी खेळते त्या पोकळीत, दडलेली असते.

ही भिंत सगळीकडे सारखी जाड का नसते, हे फौंड्रीत गेल्यावर लगेच कळते. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम पाहिलेल्यांना कोअर ठाऊक असेल. ब्लॉकमधली, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या ओतीव भागातली, पोकळ जागा तयार व्हावी म्हणून साच्यात वाळूचा भरीव आकार बसवतात, तोच कोअर. वितळलेले बीड (कास्ट आयर्न) त्याच्याभोवती भरते आणि थंड झाल्यावर वाळू झाडून काढली की पाण्याची वाट मोकळी होते. पण बीड ओतले जात असताना कोअरवर जोर येतो, तो तरंगू पाहतो, आणि एखादा मिलिमीटर जरी सरकला तरी सिलिंडरची एक बाजू तेवढी जाड आणि समोरची तेवढीच पातळ होते. नंतर मशीनवर बोअर ठरल्या जागी अचूक कापला जातो, त्यामुळे आतून सगळे ठीकठाक दिसते. एकाच साच्याचा क्रमांक असलेले दोन ब्लॉकही या बाबतीत वेगळे निघतात, म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही.

अमेरिकेतील शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनांचे उदाहरण घेऊ, कारण इतकी कापाकापी झालेली इंजिने जगात फार थोडी असतील. ही मालिका १९५५ साली सुरू झाली आणि तिच्यातील ३५० घनइंची इंजिनाचा बोअर ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी आहे. तो साठ हजारांश इंचाने, म्हणजे १.५२ मिमीने वाढवला, तर क्षमता जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी प्रत्येक बाजूची भिंत ०.७६ मिमीने कमी होते. एखाद्या ठिकाणी ती ४ मिमी असेल, तर ३.२४ मिमी उरते, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गेला. पत्र्यासारख्या भागाचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तेथील ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. ३ टक्क्यांच्या बदल्यात एवढे द्यावे लागते.

आता भिंतीवर येणारा ताण पाहू. पातळ भिंतीच्या नळीत परिघीय ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. ज्वलनाचा सर्वोच्च दाब ७० बार, म्हणजे ७ मेगापास्कल धरला, तर ५१ मिमी त्रिज्येच्या आणि ४ मिमी जाडीच्या भिंतीत साधारण ८९ मेगापास्कल ताण येतो. बोअर वाढवल्यावर तोच १११ होतो. साध्या करड्या बिडाची ताणशक्ती २०० ते २५० मेगापास्कल असते, पण लाखो वेळा पुन्हा पुन्हा येणारा ताण त्याला सुमारे ४० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ८० ते १०० मेगापास्कलपर्यंत सोसतो. अर्थात हा ढोबळ हिशेब आहे. दाब सर्वाधिक असतो तेव्हा पिस्टन वरच्या टोकाजवळ असतो आणि तेथे ब्लॉकचा माथा भिंतीला आधार देतो. तरीही सोसण्याच्या मर्यादेवर असलेली भिंत कापल्यावर कोणत्या बाजूला जाते, ते यातून कळते. टर्बो बसवणाऱ्याने तर दाबाचा आकडा आणखी वर धरावा.

शिवाय भिंत फुटण्याच्या खूप आधी नुकसान सुरू होते. पातळ भिंत दाबाने आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळल्याने किंचित वाकते, बोअर गोल राहत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट टेकत नाहीत आणि वायू खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टच्या कोठीत, उतरतो. जी ताकद मिळवायला बोअर वाढवला, तीच अशा रीतीने वाया जाते.

भिंतीची जाडी मोजण्यासाठी श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) ध्वनीचे यंत्र वापरतात. बोअरच्या साफ केलेल्या भिंतीवर थोडी जेल लावून लहान प्रोब टेकवतात. ध्वनिलहर बिडातून पाण्याच्या बाजूपर्यंत जाते, तेथून परतते, आणि लागलेल्या वेळेला वेगाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. ५ मिमी भिंतीतून जाऊन परत यायला लहरीला सुमारे २.२ मायक्रोसेकंद लागतात. हा हिशेब बिडातील वेग सेकंदाला ४,६०० मीटर धरून केला आहे, पण तो वेग बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांनुसार बराच बदलतो. पोलादातील वेग ५,९०० मीटर असतो. यंत्र पोलादाच्या वेगावर लावलेले राहिले, तर ४ मिमीची भिंत ५.१ मिमी दिसते आणि माणूस निर्धास्तपणे कापायला घेतो. म्हणून त्याच ब्लॉकची अशी जागा शोधावी जिथे दोन्ही बाजूंना मायक्रोमीटर पोहोचतो, आणि यंत्राचा आकडा त्या मापाशी जुळेपर्यंत वेग बदलावा.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, पुढे-मागे व दोन्ही बाजूंना, अशी बारा मापे घ्यावीत. आठ सिलिंडरांची शहाण्णव होतात. रेसिंग इंजिने बांधणारे पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तेथे सुमारे ५ मिमी आणि इतरत्र ३ मिमी भिंत उरावी अशी अपेक्षा ठेवतात. येथे सरासरीला काहीच अर्थ नाही. सर्वांत पातळ जागा मर्यादा ठरवते. जुन्या ब्लॉकमध्ये जॅकेटच्या बाजूने गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि प्रोबपेक्षा लहान खड्डा सुटू शकतो, म्हणून शंकास्पद जागी प्रोब सावकाश फिरवून आकडा कुठे घसरतो ते पाहावे लागते.

एकच सिलिंडर पातळ निघाला, तर त्यात लायनर, म्हणजे आतून बसवायची धातूची नळी, बसवता येतो. पण लायनरसाठी मूळ भिंत आणखी कापावी लागते आणि लायनर साधारण २.४ किंवा ३.२ मिमी जाडीचा असतो. मूळ भिंत तेवढीच असेल, तर हत्यार थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरते. त्यामुळे लायनरचा निर्णयही त्या शहाण्णव आकड्यांच्या कागदावरूनच घ्यावा लागतो.