धीराचे टक्के आणि वीस बाजूंचा फासा: दोन खेळांचे नियम जोडताना

(सात फाशांच्या संचासोबतचे माहितीपत्रक)

हे पत्रक एका ठरावीक कामासाठी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन खेळायचा साहसाचा खेळ: गेम मास्टर गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात. त्याची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्या गटांना अनेकदा आपल्या खेळात ‘कॉल ऑफ कथुलू’ या तशाच, पण भयकथेच्या खेळातली भीती हवी असते. अमावस्येच्या रात्री पात्रे जागलीवर बसली आहेत, तुरीच्या वावरात काहीतरी हलते, सगळ्यांना वाटते रोही असेल, आणि ते रोही नसते. अशा वेळी पात्राने लगेच तलवार उपसावी हे बरोबर वाटत नाही. आधी त्याचा धीर सुटला पाहिजे.

हे जमते, पण दोन्ही पुस्तके अर्धीअर्धी घेऊन नाही. एका खेळाचा सांगाडा अख्खा ठेवा आणि दुसऱ्यातून एकच नियम उचला. खाली सांगाडा ‘डंजन्स’चा आहे आणि उचललेला नियम ‘कथुलू’मधल्या सॅनिटीचा, म्हणजे मनाच्या तोलाचा. तिला आम्ही ‘धीर’ म्हणतो, कारण खेळताना तोंडात तोच शब्द येतो.

आधी फाशांची दिशा समजून घ्या

‘डंजन्स’मध्ये वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात बोनस मिळवतात आणि ठरलेला आकडा गाठतात. म्हणजे जास्त पडले तर चांगले. ‘कथुलू’मध्ये शंभराचा फासा टाकतात आणि आपल्या कौशल्याच्या टक्क्यांइतके किंवा त्याहून कमी पडावे लागते, म्हणजे कमी पडले तर चांगले. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. खेळाडू ९४ पाहून आनंदाने ओरडतो, आणि त्याचे पात्र तर घाबरलेले असते.

त्यासाठी धीराचे फासे वेगळ्या रंगाचे ठेवा. संचातले दहा बाजूंचे दोन फासे एकत्र टाकले की टक्के मिळतात: एकावर दहांचे आकडे (००, १०, २०…), दुसऱ्यावर एककाचे. ०० आणि ५ म्हणजे पाच, ०० आणि ० म्हणजे शंभर. हे फासे फक्त धीराच्या नियमासाठी वापरा, दुसऱ्या कशासाठीही नाही.

दोन्ही खेळांतल्या शक्यता ताडून पाहायच्या असतील तर एक सोपा हिशेब आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +१ म्हणजे ५ टक्के. लक्ष्य १५ असेल तर बोनसमध्ये ६ मिळवा आणि ५ ने गुणा. +५ चा बोनस म्हणजे ५५ टक्के, बोनस शून्य असेल तर ३० टक्के.

धीराचा नियम, पायरीने

पात्राच्या कागदावरचा विस्डमचा (शहाणपणाच्या गुणाचा) आकडा पाचने गुणा. विस्डम १२ असेल तर धीर ६०, विस्डम ८ असेल तर ४०. हा आकडा पात्राच्या कागदावर पेन्सिलीने लिहा, कारण तो खोडावा लागणार आहे.

भयानक काही दिसले की टक्क्यांचे फासे टाका. आजच्या धीराइतके किंवा कमी पडले तर पात्र सावरले, जास्त पडले तर घाबरले. किती धीर जाईल हे ‘कथुलू’त दोन भागांत लिहितात. घूलसाठी (प्रेते खाणारा राक्षस) ते ०/१डी६ आहे: सावरलात तर काही जात नाही, घाबरलात तर सहा बाजूंचा फासा टाकून पडेल तितका धीर वजा.

एका फटक्यात ५ किंवा अधिक धीर गेला तर खरा परिणाम सुरू होतो. ‘कथुलू’त इथे बुद्धीची फेक आणि वेडाच्या झटक्याचा तक्ता येतो. तो तक्ता आणू नका. ‘डंजन्स’मध्ये ‘फ्रायटन्ड’ (घाबरलेला) ही अवस्था तयारच आहे: भीतीचे कारण दिसत असेपर्यंत क्षमतेची फेक आणि हल्ला दोन्हींवर डिसअॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून कमी पडेल ते घेणे), आणि पात्राला स्वतःहून त्याच्या जवळ सरकता येत नाही. धीराच्या जोडीतला एककाचा फासा टाका आणि तितके राउंड (लढाईतल्या फेऱ्या) ही अवस्था लावा. जोड इथेच बसवायचा, कारण हा नियम गटाला आधीच पाठ असतो.

दिवसभरात गेलेला धीर मोजायला चिंचोके बरे पडतात. एक चिंचोका म्हणजे एक टक्का. सकाळच्या धीराचा पाचवा हिस्सा (६० असेल तर १२) गेला की साहस संपेपर्यंत पात्रावर काहीतरी उरते: अंधारात एकटे न जाणे, झोप न लागणे. ते काय, हे खेळाडूने आणि गेम मास्टरने मिळून ठरवावे.

किती वेळा टाकायचे? धीर ६० असलेले पात्र घूल पाहून घाबरण्याची शक्यता ४० टक्के, त्यात ५ किंवा ६ पडण्याची तीनात एक. म्हणजे एका पात्रामागे साधारण १३ टक्के. चार पात्रे असतील तर निदान एक तरी फ्रायटन्ड होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास जाते. एका बैठकीत असे दोन प्रसंग पुरेसे आहेत. पाच-सहा केले तर खेळाडूंना कंटाळा येतो, भीती वाटत नाही. आणि एकाच प्रकारच्या जीवामुळे एकूण जास्तीत जास्त त्याच्या फाशाइतकाच धीर जाऊ द्या. घूलमुळे सहा गेले की पात्राला घूलची सवय झाली असे माना.

कुठे बिघडते

लाँग रेस्ट, म्हणजे मोठी विश्रांती. आठ तास झोपले की ‘डंजन्स’मध्ये सगळे हिट पॉइंट (पात्र किती मार सोसते तो आकडा) परत येतात. धीरही तसाच परत दिला तर नियम त्याच रात्री मेला. धीर झोपेने भरायचा नाही. साहस संपल्यावर १डी६ इतका परत द्या.

एकाच भीतीची दोनदा वसुली. मोठ्या ड्रॅगनला आधीच दरारा असतो, त्यासाठी विस्डमचा सेव्ह (बचावाची फेक) टाकतात. त्यावर धीरही टाकायला लावला तर खेळाडू बरोबरच तक्रार करतील. एका गोष्टीला एकच फेक. ज्याला पुस्तकात दराऱ्याचा नियम आहे त्याला धीर लावू नका.

दहाव्या लेव्हलचा (अनुभवाने वाढणारी पातळी) पॅलाडिन, म्हणजे व्रत घेतलेला योद्धा. तो शुद्धीवर असेपर्यंत त्याच्या जवळ दहा फुटांच्या आत तो किंवा त्याचे साथीदार फ्रायटन्ड होत नाहीत. हे काढून घेऊ नका, त्या खेळाडूने ते मेहनतीने मिळवले आहे. धीर वजा होऊ द्या, अवस्था लावू नका.

हिट पॉइंटची तफावत तर सगळ्यात मोठी. ‘कथुलू’तला साधा माणूस दहा-बारा हिट पॉइंटचा असतो. पाचव्या लेव्हलचा, कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस +२ असलेला फायटर, म्हणजे लढवय्या, सरासरीने ४४ चा. तिकडचा राक्षस त्याच्या आकड्यांसकट इकडे आणला तर दोन राउंडमध्ये मरतो. म्हणून जीव ‘डंजन्स’चाच घ्या (तिथला घूल आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १२, हिट पॉइंट २२) आणि त्यावर फक्त ०/१डी६ चिकटवा. आमच्या मते हा नियम पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंतच शोभतो. तिसऱ्या दर्जाचे मंत्र हातात आले, फायरबॉलचे (आगीच्या गोळ्याचा मंत्र) ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, पडायला लागले, की वावरातल्या सावलीला कोण घाबरणार?

मराठीत छापायचे असेल तर

‘डंजन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम (एसआरडी ५.१, म्हणजे सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर जोडून ते भाषांतरित करता येतात, छापता येतात, विकताही येतात. ‘कथुलू’च्या पुस्तकाला हे लागू नाही. त्याची पाने झेरॉक्स करून वाटू नका. जोडलेला नियम स्वतःच्या शब्दांत अर्ध्या फुलस्केपवर लिहा. अर्ध्या पानात मावत नसेल तर तुम्ही एकापेक्षा जास्त नियम उचलले आहेत.

फाशांबद्दल

सतरंजीवर फासे नीट लोळत नाहीत, शेणाने सारवलेल्या अंगणात कडा घासतात. परातीत फडके अंथरून टाका. कंदिलाच्या उजेडात आकडे दिसत नसतील तर पांढरा मेणाचा खडू कोरलेल्या आकड्यांवर घासा आणि वरचा फडक्याने पुसा. ६ आणि ९ खालची रेघ पाहूनच वाचा.

एखादा फासा हरवला तर अख्खा संच घेऊ नका, सुटा मिळतो. मागताना बाजू आणि रंग दोन्ही सांगा, आणि धीराच्या जोडीतला असेल तर दहांचा की एककाचा, तेही.