रेईश मागूश आणि आग्वाद : मांडवीकाठचे दोन किल्ले, दोन तुरुंग

पणजीत मांडवीकाठी उभं राहून समोर बोट दाखवत ‘तो बघ आग्वाद’ म्हणणारे पर्यटक नेहमी भेटतात. समोर दिसतो तो रेईश मागूश. आग्वाद तिथून पश्चिमेला, नदी समुद्राला मिळते तिथे आहे. दोन्ही उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, दोन्ही पोर्तुगीजांचे आणि दोन्ही पुढे तुरुंग झाले, त्यामुळे घोळ होतोच.

रेईश मागूश वयाने थोरला. इथे आधी आदिलशाही चौकी होती; १५५१ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. आकाराने लहान, जांभ्या दगडाचा आणि गावाला अगदी चिकटून. पायथ्याशी चर्च आहे, ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त भरतं. प्रवेशाच्या वाटेवर छताला एक भोक आहे, खालून घुसणाऱ्या शत्रूवर उकळतं तेल ओतण्यासाठी. मान वर करून ते जरूर बघा. १९९३ पर्यंत इथे कैदी होते. मग डागडुजी होऊन २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला आणि मारिओ मिरांडांची चित्रं आत लागली.

आग्वाद १६१२ चा, डचांच्या धास्तीने बांधलेला. पण इथे आणखी एक गफलत होते. दीपगृह आणि पाण्याचं प्रचंड टाकं असलेला वरचा भाग पाहून लोक ‘तुरुंग पाहिला’ म्हणत परततात. तुरुंग खाली, पाण्यालगत होता. १९४६ मध्ये राममनोहर लोहियांना ठेवलं ते याच आग्वादच्या तुरुंगात. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले. आता तिथे मुक्तिलढ्याचं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर वरचा भाग सोडा, पण हे चुकवू नका.

मराठी माणसाला लक्षात ठेवायला एक खूण : १७३९ च्या सुमारास सावंतवाडीकर भोसल्यांनी जवळजवळ अख्खा बार्देश घेतला, तेव्हा न पडलेले किल्ले हेच दोन.

गोवा मुक्तिलढ्यातले क्रांतिकारक मोहन रानड्यांचं नावही या दोन किल्ल्यांशी जोडलं जातं. १९५५ मध्ये ते जखमी होऊन पकडले गेले ते रेईश मागूशजवळच्या बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात. मात्र त्यांच्या शिक्षेची बहुतेक वर्षं पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात गेली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते आतच होते. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जंग जंग पछाडलं, तेव्हा कुठे १९६९ मध्ये ते बाहेर आले.