रात्रीची लॅब आणि पहिलं एक मिनिट

रात्री उशिरा नळाच्या पाण्याचा दाब वाढतो. दिवसभर इमारतीतले नळ उघडे असतात, रात्री एकेक करत बंद होतात आणि पाइपातला सगळा जोर उरलेल्या एखाद्या नळावर येतो. संध्याकाळी सहाला कुणीतरी रिॲक्शन रिफ्लक्सला लावून, म्हणजे सॉल्व्हंट (रसायनं विरघळवणारा द्रव) सतत उकळत राहील अशी, ओव्हरनाइट ठेवलेली असते. वर वाफ थंड करणाऱ्या काचेच्या कंडेन्सरमधून पाण्याची बेताची धार वाहत असते. साडेअकराला तीच धार जोर धरते आणि क्लिप न लावलेली रबरी नळी काचेच्या टोकावरून निसटते. जमिनीवर पाणी साचू लागतं, वर कंडेन्सर कोरडा पडतो. खाली फ्लास्क तापवणारं हीटिंग मॅन्टल मात्र तापलेलंच असतं. सॉल्व्हंटची वाफ थंड होऊन फ्लास्कमध्ये परत पडायची, ती आता सरळ खोलीत येते. दिवसा हाच प्रकार झाला तर शेजारच्या टेबलवरचा कुणीतरी ‘अरे, पाणी!’ म्हणून ओरडतो, दोन मिनिटांत मॅन्टल बंद होतं आणि नंतर फक्त फरशी पुसावी लागते.

रसायनं तीच, उपकरणं तीच, माणूसही तोच. रात्रीत बदलते ती बिघाड आणि मदत यांच्यातली वेळ. कॉलेजच्या वेळेबाहेर लॅब वापरण्याचे जे नियम असतात, ते जवळजवळ सगळे ही वेळ कमी करण्यासाठी केलेले आहेत. नोटीस बोर्डावर मात्र हे कारण लिहिलेलं नसतं. तिथे फक्त ‘परवानगीशिवाय थांबू नये’ असं असतं आणि विद्यार्थ्याला तो शिस्तीचा किंवा हजेरीचा मामला वाटतो. रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राचा स्लॉटच रात्री दोनचा मिळालेला असतो, पेशींना दर चार तासांनी बघावं लागतं, काही रिॲक्शनना सोळा तास लागतातच. रात्री थांबणारी मुलं कामाची ओढ असलेली असतात. त्यांना कारण नीट समजावून सांगायला हवं.

आपल्याकडे पाण्याची उलटीही गत होते. टाकी रात्रीत रिकामी होते, म्हणून बऱ्याच लॅबमध्ये बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात छोटा सबमर्सिबल पंप अशी व्यवस्था असते. वीज गेली की पंप, मॅन्टल आणि ढवळणारा स्टरर एकदमच थांबतात, त्यामुळे धोका नाही असं वाटतं. खरी अडचण वीज परत येते तेव्हा सुरू होते. समजा, ड्रॉपिंग फनेलमधून थेंब थेंब काहीतरी पडत होतं. फनेलला वीज लागत नाही. अंधारातही थेंब पडतच राहतात, पण ढवळणं थांबल्यामुळे ते मिसळत नाहीत, एका जागी साठत जातात. अर्ध्या तासाने वीज येते, स्टररचा मॅग्नेटिक बार फिरू लागतो आणि अर्ध्या तासाची उष्णता काही सेकंदांत बाहेर पडते. उकळी फुटून सगळं वर येतं. रसायन कारखान्यांत असे स्फोट झालेले आहेत, म्हणून तिथले इंजिनिअर ‘ढवळणं बंद तर भरणंही बंद’ अशी जोडणी यंत्रातच करून ठेवतात. लॅबमध्ये ती जोडणी म्हणजे तिथे हजर असलेला माणूस. म्हणून फनेलने काही घालायचं असेल, तर ते काम रात्रभर सोडून जाण्याच्या यादीत कधीच बसत नाही.

मोकळ्या सुटलेल्या वाफेचं काय होतं? डायएथिल ईथर या सॉल्व्हंटचं उदाहरण घेऊ. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर न जाता टेबलावरून जमिनीवर उतरते आणि फरशीलगत पसरत जाते. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, उणे ४५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या हवामानात ते बाराही महिने पेट घ्यायला तयार असतं. सुमारे १६० ते १८० अंशांचा तापलेला पृष्ठभाग मिळाला, तर त्याला ठिणगीचीही गरज नसते, आणि लॅबमधली हॉटप्लेट याहून कितीतरी जास्त तापते. घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवू नये या नियमाचं मूळही इथेच आहे. झाकणातून झिरपलेली वाफ बंद फ्रिजमध्ये साठते आणि थर्मोस्टॅट चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडते. लॅबमध्ये कुणी नसतानाही फ्रिज चालूच असतो.

आता एकट्या माणसाकडे वळू. १२ एप्रिल २०११ च्या रात्री अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची, २२ वर्षांची भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी स्टर्लिंग केमिस्ट्री लॅबोरेटरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातूचा दांडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम करत होती. तिचे केस फिरत्या लेथमध्ये अडकले. ती एकटीच होती. रात्री अडीचच्या सुमारास इमारतीतल्या दुसऱ्या विद्यार्थ्यांना ती सापडली, तोवर तिचा मृत्यू झाला होता.

लेथचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा करून बघण्यासारखा आहे. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, अडीच सेंटिमीटर जाडीचा दांडा धरलाय आणि तो मिनिटाला ६०० फेरे फिरतोय असं धरा. लेथसाठी हा काही फार वेग नाही. म्हणजे सेकंदाला १० फेरे. दांड्याचा परीघ सुमारे ८ सेंटिमीटर. त्यामुळे त्यात अडकलेली कुठलीही गोष्ट, केस असो, ओढणी असो की हातमोज्याचा धागा, सेकंदाला ८० सेंटिमीटर या वेगाने आत खेचली जाते. ३० सेंटिमीटर लांबीचे केस अर्ध्या सेकंदाच्या आत गुंडाळले जातात. नेमकं काय होणार हे ठाऊक असलेल्या, सावध माणसालाही प्रतिक्रिया द्यायला पाव सेकंद लागतो. अचानक झटका बसलेला माणूस अर्ध्या सेकंदात स्विच शोधू शकत नाही. या घटनेनंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात यंत्राला संरक्षक आवरण नसल्याकडे आणि विद्यार्थी एकटे काम करत असल्याकडे बोट दाखवलं. येलने त्यानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्कशॉपच्या वेळा बांधून दिल्या आणि ते काम करत असताना तिथे देखरेखीला माणूस असण्याची अट घातली. केस बांधणं, सैल बाह्या आणि हातमोजे टाळणं हे ज्याचं त्याने करायचं. स्विच बंद करायला मात्र दुसराच हात लागतो.

डोळ्यांचंही तसंच. डोळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडसारखी अल्कली उडाली तर आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुण्याच्या नळापर्यंत, १० सेकंदांत पोहोचता यावं आणि १५ मिनिटं धुणं चालू राहावं, असा सर्वमान्य दंडक आहे. सोडियम हायड्रॉक्साइडने डोळे घट्ट मिटलेत, आग होतेय, वाटेत कुणीतरी सरकवलेलं स्टूल आहे, अशा अवस्थेत एकट्याने १० सेकंदांत तिथे जाऊन बघा. दिवसा, कसलीही घाई नसताना, डोळे मिटून आपल्या टेबलापासून आयवॉशपर्यंत एकदा चालून पाहावं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून हे करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आणि १५ मिनिटं डोळे पाण्याखाली धरलेल्या माणसाला फोन करता येत नाही.

द्रव नायट्रोजनचा धोका याहून फसवा आहे. तो उणे १९६ अंशांना उकळतो आणि १ लिटर द्रवापासून जवळजवळ ७०० लिटर वायू तयार होतो. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत २७,००० लिटर हवा असते. रात्री एसी आणि एक्झॉस्ट बंद, दार लावलेलं, आणि १० लिटरचा ड्यूअर (द्रव नायट्रोजन ठेवायचं भांडं) कलंडला, तर ७,००० लिटर नायट्रोजन खोलीत शिरतो. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर येतो. तोही वायू सगळीकडे सारखा मिसळला असं धरून. प्रत्यक्षात थंड वायू खाली साठतो, आणि सांडलेलं आवरायला माणूस खालीच वाकतो. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते. यातली घातक गोष्ट ही की गुदमरल्यासारखं वाटतच नाही. श्वास कोंडल्याची जी घालमेल आपल्याला जाणवते, ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नायट्रोजन भरलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, शरीराला काही खटकत नाही, आणि माणूस खाली कोसळतो. शोधायला आलेला दुसराही धावत आत शिरला तर तोही कोसळतो. म्हणून अशा खोलीबाहेर ऑक्सिजन मॉनिटर हवा आणि १९.५ टक्क्यांच्या खाली आकडा दिसला की कुणीही आत जायचं नाही. लिफ्टमधून ड्यूअर न्यायचा तर तो एकटाच पाठवायचा, माणसाने जिन्याने जायचं.

झोपेबद्दल एक हिशेब. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि डोळे यांचा मेळ घालण्याची क्षमता, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते, असं त्यांना दिसलं. भारतात गाडी चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. सकाळी सातला उठून प्रॅक्टिकल घेतलेली, दुपारी सेमिनार दिलेली पीएचडीची विद्यार्थिनी रात्री बाराला पिपेट हातात घेते, तेव्हा तिचे सतरा तास भरलेले असतात. तिने थेंबभरही घेतलेली नसते, त्यामुळे आपला तोल ढळलाय असं तिला वाटण्याचं कारणच नसतं.

मग सोबतीला कुणी असलं की झालं? इथे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली, म्हणजे यूसीएलएमधली घटना नीट बघावी लागते. २९ डिसेंबर २००८. नाताळ आणि नववर्षाच्या मधली सुट्टी. २३ वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्यूटिल लिथियम सिरिंजने ओढत होती. हे रसायन हवेचा स्पर्श होताच पेटतं, आणि ते विरघळवलेलं असतं पेंटेनमध्ये, जे स्वतः अतिशय ज्वालाग्राही आहे. सिरिंज प्लास्टिकची, ६० मिलिलिटरची. दट्ट्या पूर्ण बाहेर आला आणि द्रव पेटला. अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. शरीराचा ४० टक्क्यांहून जास्त भाग भाजला. १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्या प्राध्यापकांवर २०११ मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले आणि २०१४ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

ती एकटी नव्हती. लॅबमध्ये दुसरा संशोधक होता, तो धावला आणि लॅब कोटने आग विझवायचा प्रयत्न केला. काही पावलांवर सेफ्टी शॉवर होता, तो कुणी वापरला नाही. हे रसायन पाण्याशी जोरात झगडतं हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं, त्यामुळे पाण्याकडे जावं की नाही अशी शंका मनात येऊ शकते. पण अंगावरचे कपडे पेटलेले असताना शॉवरखाली मिळणारं भरपूर पाणी हाच बरोबर उपाय आहे. हे त्या क्षणी आठवायचं नसतं, आधीच ठरलेलं असावं लागतं. ‘दोघं असावेत’ हा नियम पाळूनही तो अपुरा पडू शकतो, कारण दुसऱ्याला पहिला काय करतोय हे ठाऊक असावं लागतं. वेगळ्या विषयाचा मित्र हेडफोन लावून शेजारच्या खोलीत बसला असेल, तर रजिस्टरमध्ये दोन सह्या असतात एवढंच.

बरोबर एका वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या एका लॅबमध्ये आग लागून दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. ती आग भर दिवसा लागली होती. दिवसाच्या कामाला नियम लागत नाहीत असं समजायला जागा नाही. रात्री फक्त चूक सावरायची सवड कमी होते.

म्हणून मला कामांची वर्गवारी सर्वांत महत्त्वाची वाटते. वेळेबाहेर काही कामं करायचीच नाहीत, परवानगी असली तरी: हवेत पेटणारी रसायनं, हायड्रोफ्लोरिक ॲसिड, दाबाखालचे वायू, लेथ, पहिल्यांदाच केली जाणारी किंवा प्रमाण वाढवलेली कुठलीही रिॲक्शन. यातलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड तर विशेष. सौम्य असेल तर त्वचेवर उडाल्याचं तेव्हा कळतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात आणि तोवर फ्लोराइड खोल शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवायला लागलेलं असतं. संध्याकाळी सहाला उडालेला थेंब हॉस्टेलच्या खोलीत मध्यरात्री दुखू लागतो. त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल तेव्हा कुलूपबंद लॅबमध्ये असतं. दुसरी कामं जाणकार सोबत असेल तरच करायची. मोजमापं घेणं, प्लेट वाचणं, संगणकावरचं काम, यांना फारशी अडचण नाही. हे काम कुठल्या वर्गात बसतं ते गाइडने विद्यार्थ्यासोबत बसून ठरवायला हवं. कोऱ्या परवानगीपत्रांच्या गठ्ठ्यावर महिन्याभराच्या सह्या एकदम करून देणं हे परवानगी देणं नव्हे. आणि ‘आज नको, उद्या सकाळी लाव’ असं गाइडने स्वतः म्हटल्याशिवाय विद्यार्थी ते म्हणणार नाही, कारण त्याची फेलोशिप आणि प्रबंध दोन्ही गाइडच्या हातात असतात.

रात्रभर चालू ठेवलेल्या कामावर कागद लावायचा: आत काय आहे, किती आहे, कुठलं सॉल्व्हंट, किती तापमान, कुणाचं आहे, मोबाइल नंबर, आणि काही बिघडलं तर काय बंद करायचं. शेवटची ओळ मराठीत लिहावी, कारण रात्री दोनला खिडकीतून धूर बघून सर्वांत आधी येणारा माणूस बहुधा सुरक्षारक्षक असतो. त्याला रिॲक्शन कळायची गरज नाही. ‘लाल स्विच बंद करा, आत जाऊ नका, या नंबरवर फोन करा’ एवढं त्याला वाचता आलं पाहिजे.

त्याच्याकडे आणखी एक गोष्ट असते, मागच्या जिन्याची किल्ली. चोरी होऊ नये म्हणून अनेक इमारतींमध्ये रात्री चॅनल गेटला कुलूप लावतात, आणि आगीत सुटकेची दुसरी वाट नेमकी तीच असते. आत माणसं काम करत असतील तर ते गेट आतून उघडता आलंच पाहिजे. हे जमत नसेल तर त्या मजल्यावर रात्री कुणाला थांबू देऊ नये. १०८ ला किंवा ११२ ला फोन लागला तरी ॲम्ब्युलन्स विद्यापीठाच्या मुख्य दरवाजाशी येऊन विचारते, कुठली इमारत? तिथून लॅबपर्यंत कधी कधी एक-दीड किलोमीटर अंतर असतं आणि मधले आतले गेट बंद असतात. इमारतीचं पूर्ण नाव, मजला, खोली क्रमांक आणि रात्री कुठलं गेट उघडं असतं, एवढं फोनशेजारी ठळक अक्षरांत चिकटवलेलं असावं, आणि त्याची एक प्रत मुख्य दरवाजावरच्या चौकीतही. दरवर्षी जून-जुलैत नवी मुलं येतात, तेव्हा हा कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग तपासायचं, त्या गेटची किल्ली अजून त्याच चौकीत आहे का.