गावाच्या गाडीने गडापर्यंत : पुण्याभोवतीच्या स्थळांकडे जाणाऱ्या बससेवेची पार्श्वभूमी

शनिवारवाड्यापासून सिंहगडाच्या पायथ्याला जाणारी ५० क्रमांकाची बस पुणेकरांना ‘सिंहगडाची बस’ म्हणून ठाऊक आहे. रविवारी पहाटे तिच्यात पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळी दिसतात. मंगळवारी किंवा बुधवारी हीच बस पाहिली, तर खडकवासला आणि डोणजे परिसरातून शाळा-कॉलेजला, कामाला आणि दवाखान्याला ये-जा करणारी माणसे तिच्यात बसलेली असतात. पुण्याभोवतीचे किल्ले, देवस्थाने आणि धरणे पाहायला सार्वजनिक बसने जाता येते का, हा प्रश्न आज पर्यटनाच्या अंगाने विचारला जातो. परंतु या भागातील बससेवा प्रामुख्याने गावांसाठी उभी राहिली आणि पर्यटक तिच्यात पुढे येऊन बसला, हे लक्षात घेतल्याशिवाय तिच्या आजच्या सोयी आणि गैरसोयी यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही.

या इतिहासाचा एक धागा एसटीचा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान तत्कालीन मुंबई राज्याच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली गाडी धावली. त्याआधी जिल्ह्यातील प्रवास खासगी मोटारींवर अवलंबून होता आणि आसने भरेपर्यंत गाडी न हलणे ही त्या काळची सर्रास रीत होती. एसटीने आणलेला बदल गाडीच्या रंगारूपापेक्षा वेळापत्रकात होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात, उतारू चार असोत की चाळीस, गाडी सुटणार, ही हमी मिळाल्यामुळे आडबाजूचे गाव शहराशी कायमचे जोडले गेले. पुढे स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन अशी तीन स्थानके दिशांप्रमाणे रुळली. भोर, वेल्हे, सासवड, जेजुरी या बाजूंना जायचे असेल तर स्वारगेट आणि जुन्नर, मंचर, भीमाशंकर या बाजूंना जायचे असेल तर शिवाजीनगर, हे समीकरण पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडले.

दुसरा धागा शहरातील बसचा आहे. पुण्यात शहर वाहतूक प्रथम सिल्व्हर ज्युबिली या खासगी कंपनीकडे होती. नंतर ती नगरपालिकेकडे आली आणि १९५० मध्ये महापालिका स्थापन झाल्यावर पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, म्हणजे सर्वांची पीएमटी, उभी राहिली. शहराची गाडी शहरात आणि गावांची गाडी एसटीची, अशी ही विभागणी कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात पुण्याजवळची बहुतेक प्रेक्षणीय स्थळे या दोन सेवांच्या सीमेवरच वसलेली आहेत. आळंदी, देहू, खडकवासला आणि सिंहगडाचा पायथा ही ठिकाणे शहराच्या हद्दीबाहेर होती, पण रोजच्या व्यवहारात शहराशी बांधलेली होती. हद्दीबाहेर शहराच्या बसने किती दूर जावे आणि कोठून पुढचा मार्ग एसटीचा मानावा, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुन्हा उभा राहिला. एखाद्या स्थळाला दर अर्ध्या तासाने बस असणे आणि तेवढ्याच अंतरावरच्या दुसऱ्या स्थळाला दिवसातून दोन-तीनच फेऱ्या असणे, या विसंगतीचे एक मोठे कारण या सीमेत आहे.

गावांसाठी आखलेल्या वेळापत्रकाला स्वतःची एक दिशा असते आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. गावाची गाडी सकाळी गावातून शहराकडे येते आणि संध्याकाळी शहरातून गावाकडे परतते. शेवटची फेरी घेऊन गेलेली गाडी रात्री गावातच थांबते, चालक आणि वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. हिलाच मुक्कामी गाडी म्हणतात. विद्यार्थी, दूध आणि भाजी पोहोचवणारे आणि सरकारी कचेऱ्यांत काम असणारे यांच्यासाठी याहून चांगली व्यवस्था सुचणे कठीण आहे. शहरातून सहलीला निघणाऱ्याला मात्र नेमके उलटे हवे असते : सकाळी लवकर बाहेर पडायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. सकाळी त्याला हवी त्या वेळी गाडी मिळत नाही आणि दुपारी चार-पाच वाजता गडावरून उतरल्यावर शहराकडे जाणारी गाडी आधीच निघून गेलेली असते.

पुण्यातील गिर्यारोहकांनी या अडचणीवर जो मार्ग काढला, त्यातून या भागातील भटकंतीची एक रीतच तयार झाली. शनिवारी संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने पायथ्याचे गाव गाठायचे, मारुतीच्या किंवा गावदेवीच्या देवळात पथारी टाकायची, उजाडताना चढाईला लागायचे आणि परतीसाठी हमरस्त्यावरच्या फाट्यापर्यंत चालत यायचे, कारण फाट्यावर लांब पल्ल्याची कोणती तरी गाडी मिळतेच. वेल्ह्यातून तोरणा, गुंजवणे किंवा पाल येथून राजगड, नारायणपूरवरून पुरंदर, या वाटांवर अनेकांनी पहिला ट्रेक असाच केला. स्वतःची दुचाकी किंवा चारचाकी घरोघरी नसण्याच्या काळात गडकोट सामान्य घरांतील मुलांच्या आवाक्यात आले ते या लाल गाडीमुळे, आणि हे श्रेय तिला पुरेसे दिले जात नाही, असे मला वाटते. गड पाहायला गेलेल्या मुलाला रात्रीच्या गाडीत गावातली माणसे भेटत आणि देवळात कुठे झोपावे, पाणी कुठे आहे, कोणती वाट मोडली आहे, हे त्यांच्याकडूनच कळे.

किल्ल्यांपेक्षाही जुनी ओढ देवस्थानांची आहे. पर्यटक हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून यात्रेकरू प्रवास करत होता आणि बससेवेने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन पाहुण्यांसाठी गाड्या सोडल्या त्या मुख्यतः त्याच्यासाठी. आळंदीची कार्तिकी यात्रा, आषाढी वारीसाठी देहू आणि आळंदीहून होणारे पालख्यांचे प्रस्थान, जेजुरीची सोमवती अमावास्या, श्रावणातील भीमाशंकर या दिवसांत ‘जादा गाड्या’ सोडण्याची प्रथा एसटी आणि शहर सेवा या दोघांनीही पाळली. आळंदी आणि देहू यांना शहराच्या बसने वर्षभर वारंवार जाता येते, यामागेही वारकऱ्यांची अखंड ये-जा आहे. भीमाशंकरला श्रावणात खासगी वाहने अलीकडे निगडाळे येथे थांबवून पुढे एसटीच्या गाड्यांनी भाविकांना नेण्याची व्यवस्था केली जाते. वाहने खाली ठेवायची आणि वर बसने जायचे, ही कल्पना त्यामुळे जिल्ह्याला नवी नव्हती; सिंहगडाच्या प्रयोगाकडे वळताना ते ध्यानात ठेवावे लागते.

केवळ पाहुण्यांसाठी म्हणून आखलेल्या सेवा थोड्याच होत्या. शहरात पुणे दर्शन ही एका दिवसाची फेरी होती. तिच्यातून परगावच्या माणसाला शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, शिंदे छत्री, कात्रजचे सर्पोद्यान अशी स्थळे एका तिकिटात पाहता येत. एसटीने १९८८ पासून ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही पासाची योजना चालवली. तिच्यात चार किंवा सात दिवसांचा पास काढून राज्यभर हिंडता येते. ही योजना उत्तम असली तरी एका दिवसात गड पाहून घरी येणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

शहराचीच हद्द सरकू लागली, तेव्हा या चित्रात खरा बदल झाला. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली. त्यांतील काही नंतर पूर्ण किंवा अंशतः वगळली गेली. २०१७ मध्ये ११ गावे आली आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांचा समावेश झाला, ज्यांत खडकवासलाही होते. दरम्यान २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपीएमएल किंवा बोलण्यातली पीएमपी, ही कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या विस्तृत क्षेत्रातही तिच्या गाड्या जाऊ लागल्या. एके काळी सहलीचे ठिकाण असलेला खडकवासल्याचा काठ आता शहराच्या एका भागाचा शेजार आहे. कात्रजही तसेच. घाटाच्या तोंडाशी असलेले हे गाव शहर बसच्या सर्वाधिक वर्दळीच्या थांब्यांपैकी एक झाले आणि प्राणिसंग्रहालय पेशवे पार्कातून तिथे हलल्यावर मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना बसचा प्रवास सर्वांत सोपा ठरला.

शहराच्या गाडीने दूर जावे की नाही, या जुन्या प्रश्नाला अलीकडे अनपेक्षित वळण मिळाले. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत ग्रामीण भागाची कोंडी होऊ नये म्हणून पीएमपीने अनेक लांबच्या गावांपर्यंत गाड्या नेल्या. शहराच्या तिकिटावर इतक्या दूर जाता येणे, ही पायथ्याच्या गावांना आणि भटक्यांना मोठीच सोय होती. संप मिटल्यावर, २०२२च्या अखेरीस, त्यांतील अनेक मार्ग तोट्याचे कारण देऊन बंद करण्यात आले आणि ती वाहतूक पुन्हा एसटीकडे गेली. तोट्याचा हिशेब खोटा नव्हता. पण जिथे दिवसभरात काही फेऱ्या होत्या तिथे पुन्हा एक-दोनच उरल्या, तेव्हा सर्वाधिक अडचण शाळकरी मुलांची झाली आणि रविवारच्या पाहुण्यांची अडचण त्यानंतरची होती, हा क्रम विसरू नये.

सिंहगडाचा प्रयोगही याच काळातला. गडावर वाहनतळापर्यंत घाटरस्ता असल्याने सुट्टीच्या दिवशी दुचाकी आणि मोटारींची रांग लागते, पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वनविभागाला कधी कधी घाट बंद ठेवावा लागतो. पायथ्यापासून वर जाण्यासाठी स्थानिकांच्या जीपगाड्या वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत आणि कित्येक घरांचा उदरनिर्वाह त्यांवर आहे. मे २०२२ मध्ये खासगी वाहने खाली थांबवून गडावर पीएमपीच्या विजेवरील बसनेच जायचे, अशी व्यवस्था सुरू झाली. पुण्यात अशा बस २०१९ पासून शहरात धावत होत्या, त्यामुळे गाडी नवी नव्हती; नवा होता तो घाट. उन्हाळ्याच्या सुट्टीतील गर्दीला गाड्या अपुऱ्या पडल्या, वर जाण्यासाठी आणि त्याहूनही अधिक खाली येण्यासाठी लोक ताटकळले, चढाच्या आणि वळणाच्या रस्त्यावर सुरक्षिततेचे प्रश्न निर्माण झाले आणि महिनाही पुरा न होता सेवा थांबली. कल्पना चुकीची होती, असे मला मुळीच वाटत नाही. यात्रेच्या ठरावीक दिवसांसाठी जी व्यवस्था भीमाशंकरला जमते, ती रोजच्यासाठी उभी करायची तर पुरेशा गाड्या, चार्जिंगची सोय आणि जीपचालकांशी आधी झालेली बोलणी, या तिन्हींची तयारी आधीच व्हावी लागते. इथे ती तयारी सेवा सुरू झाल्यावर व्हायची होती.

१ मे २०२३ पासून पीएमपीने वेगळा मार्ग धरला. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी वातानुकूलित पर्यटन बस सुरू करण्यात आल्या. मोरगाव-जेजुरी, केतकावळे-नारायणपूर, खडकवासला परिसर, वढू-तुळापूर-रांजणगाव, देहू अशा दिशांच्या फेऱ्या त्यांत होत्या आणि तिकीट माणशी ५०० रुपये ठेवण्यात आले. गावाच्या वेळापत्रकाची उलटी दिशा ही जी मूळ अडचण, ती या सेवेत प्रथमच दूर झाली. गाडी सकाळी शहरातून निघते, स्थळापाशी थांबते आणि त्याच माणसांना घेऊन संध्याकाळी परत येते. चौघांच्या कुटुंबाला मात्र दोन हजार रुपये लागतात.

त्यामुळे साध्या बसने जाण्याचा हिशेब अजूनही अनेकांना करावा लागतो, आणि तो आता पूर्वीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले, त्यामुळे जुन्नर-भीमाशंकरकडे जाणाऱ्यांची सुरुवातच बदलली. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली, तेव्हा दक्षिणेकडच्या गाड्या गाठणे सोपे झाले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. या सवलती एसटीच्या असल्याने पीएमपीच्या गाडीत त्या मिळत नाहीत. जेजुरीला निघालेल्या दोन बहिणी आणि त्यांची वृद्ध आई यांना म्हणूनच एसटीची गाडी बरीच स्वस्त पडते. पीएमपीचे भाडे जून २०२५ मध्ये वाढले, किमान तिकीट ५ वरून १० रुपये झाले आणि दिवसभराचा पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीसाठी ७० रुपयांचा, तर संपूर्ण महानगर क्षेत्रासाठी १५० रुपयांचा झाला. हा १५० रुपयांचा पास घेऊन सकाळी आळंदी, दुपारी देहू आणि संध्याकाळी खडकवासला असा दिवस काढता येतो; त्यासाठी फक्त प्रत्येक ठिकाणी उतरल्याबरोबर वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी लागते.